खिडकीत न ठेवलेला डबा

हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. यांना नाही, लेकीला नाही. आई होती तोवर तिलाही कळलं नाही. सांगायचं राहून गेलं असं म्हणावं तर तेही खोटं, कारण सांगायचं मी कधी ठरवलंच नव्हतं. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही म्हणून. ओळखीच्या माणसांसमोर मी फार चांगली बाई आहे हो. खामगावात गाड्यांच्या एसीच्या सामानाचं दुकान विचारा, लोक बोट दाखवतील आणि वर सांगतील — "तिथं बाई बसते काउंटरवर, तिले सगळं समजते." समजतं. नाही कशाला म्हणू? पण ते नाव कसं झालं, कोणाच्या जिवावर झालं, तिथं आलं की माझी जीभ जड होते.

लिहायला बसले की माझी भाषा शाळेतली होते, आणि रागावले की घरची. दोन्ही चालवून घ्या.

आधी दुकान सांगते, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. रस्त्याकडे तोंड करून काउंटर, मागे टिनाची शेड, आणि मधल्या भिंतीत एक खिडकी. गज नसलेली, खाली रुंद फरशी. काउंटरवर मी. शेडमध्ये माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ. जीप असो, बस असो, एसी बिघडला की माणसं त्यांच्याकडे यायची. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. हे स्वतः माल आणायला अकोल्या-नागपूरला फिरत असत. माझी लेक भासऱ्यांना मोठेबाबा म्हणते. आणि मी? मी त्यांना काहीच म्हणत नाही. आमच्याकडे धाकट्या भावाची बायको भासऱ्याशी बोलत नाही.

तुम्ही म्हणाल, आजच्या काळात? हाव, आजच्या काळात. मोबाईलवर नागपूरच्या व्यापाऱ्याशी मी हुज्जत घालते, ट्रकवाल्यांना तोंडावर झापते, आणि दारात भासऱ्यांचा खोकला आला की पदर डोक्यावर. ते मुद्दाम खोकतात, मी सावरून बसावं म्हणून. चहा झाला की मी भिंतीकडे पाहून म्हणते, "चहा झाला म्हणा." कोणाला म्हणा? कोणालाच नाही. ते ऐकतात आणि येतात. लेक लहानपणी हसून लोळायची — "आई, भिंतीसंग बोलून राह्यली काय वो तू?"

मला त्याचा जाच होता असं समजू नका. उलट सवय झाली की फार सोयीचं असतं ते. किती सोयीचं, ते पुढे सांगते.

आता दुकानात भिंतीशी बोलून कसं भागायचं? शेडमध्ये इंजिन चालू असलं की ढोल वाजवला तरी ऐकू येत नाही. सुरुवातीला घोटाळे झाले, चुकीचे पट्टे बसले, यांनी दोघांकडून शिव्या खाल्ल्या — माझ्याकडून तोंडानं, भासऱ्यांकडून डोळ्यांनी. मग कोणी न ठरवता त्या खिडकीची एक रीत पडत गेली. मी सामान फरशीवर त्यांच्या बाजूला सरकवायचं, ते उचलायचे. त्यांनी एखादी वस्तू माझ्या बाजूला ठेवली, तर ती नको, परत. पट्ट्याला चिंधी बांधली असेल तर बसवण्याआधी गिऱ्हाइकाला विचारा. आणि कम्प्रेसर — तो एसीचा जीव, गॅस दाबून फिरवणारा गोळा — एकटा ठेवला तर त्यात तेल भरलेलं आहे, तसाच बसवा. शेजारी तेलाचा डबा ठेवला, तर तो कोरडा आहे, आधी तेल टाका. कंपन्यांचं काही सांगता येत नाही, कोणी तेल भरून पाठवतं, कोणी कोरडाच पाठवतं. आणि कोरडा फिरवला की आतलं लोखंड लोखंडाला खातं.

इतकी वर्षं ती खिडकी कधी चुकली नाही. हे लक्षात असू द्या. मी विसरू शकत नाही, तुम्हीही विसरू नका.

तर तो ट्रक.

सोनाळ्याचे एक संत्र्याचे बागवाले, देवरावजी, एका उन्हाळ्यात तो घेऊन आले. जुना, पुढं लांब नाक असलेला ट्रक. तसे आता दिसत नाहीत. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, उभी हयात तो चालवला होता. संत्री भरून कुठं कुठं नेली होती. पोरांनी नव्या गाड्या घेतल्या तरी हा विकू दिला नाही. दसऱ्याला पहिला हार त्याला. आबांना दमा झाला, धूळ सोसेना, तरी ट्रकमध्ये बसायची हौस जाईना, म्हणून लेकानं काचा नीट बसवून केबिनमध्ये एसी घालून दिला होता. त्याचा कम्प्रेसर जाम झाला होता. आणि मे महिन्यात नातीचं लग्न, लग्न नवरदेवाच्या गावी, दुसरबीडला. आबांनी हट्ट धरला होता की नातीला घेऊन जाईन तर माझ्याच ट्रकमध्ये. चालवायला लेक, बाजूला नात, खिडकीशी मी. घरच्यांनी हात टेकले.

देवरावजी काउंटरवर येऊन म्हणाले, "महाग-स्वस्त राहू द्या. असा कम्प्रेसर द्या का रस्त्यात दगा देणार नाही. आबाले उनात उभं राहायची पाळी आली तर ते गेलेच समजा."

मग निवड सुरू झाली. आणि मला ते आवडतं हो! खोटं कशाला बोलू, साडी निवडताना माझा जीव इतका लागत नाही. जुन्याच जातीचा एक जड लोखंडी कम्प्रेसर उघडून दुरुस्त केलेला मिळत होता. तो इंजिनावरच्या जुन्या लोखंडी पट्टीवर आयता बसला असता. भासऱ्यांचा कल तिकडे, मला कळत होतं. पण त्याचे रबर कुठं मिळत नाहीत, आणि दुरुस्त केलेल्याचा गॅस कधी गळेल नेम नाही. दुसरा एक नवा होता, हलका. त्यासाठी पट्टी नवी बनवावी लागणार होती, पट्टा ज्यावर फिरतो ती पुलीही बदलावी लागणार होती. पण जुन्या ट्रकचं इंजिन हळू फिरतं, आणि हा हळू फिरतानाही थंड करतो. इंजिनवर ओझंही कमी. फक्त त्याच्या कॉईलला वीज किती लागते ती ट्रकच्या बॅटरीशी जुळवून मागवायची. मी देवरावजींना हे सगळं समजावून सांगितलं, मोठ्यानं. खिडकीपलीकडे ऐकू जावं म्हणूनच मोठ्यानं. आमच्याकडे दुसरा रस्ता काय असतो?

पलीकडून भासऱ्यांचा आवाज आला. माझ्याशी नाही, देवरावजींशी — "बाईमाणसानं कुंकू निवडाव बापू, कम्प्रेसर नाई."

देवरावजी हसले. शेडमधला एक ड्रायव्हर हसला. मी बिलाच्या बुकाकडे पाहत राहिले आणि माझे कान नुसते जळत होते.

एवढंच असतं तर गिळलं असतं. असले टोमणे बाईच्या वाट्याला येतात, मी काही साखरेची नाही. पण दोन दिवसांनी देवरावजी परत आले, तेव्हा भासरे त्यांना शेडमध्ये सांगत होते — "मी लय इचार केला. नवाच घाला. तुमचं इंजिन हळू फिरते न, हा हळू फिरूनबी थंड करते. वझंबी कमी." माझेच शब्द! पट्टी, पुली, कॉईल, सगळं जसंच्या तसं. आणि देवरावजी म्हणतात कसे, "म्हणून तं आलो उस्ताद तुमच्याकडे." संध्याकाळी हेही जेवताना, "दादाची नजर म्हणजे नजर." मी पोळी इतक्या जोरात आपटली की ताट वाजलं. यांनी विचारलं, काऊन वो, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

बघा, मी अजून मुद्द्यावर आलेले नाही. तुमच्या लक्षात आलंच असेल. आधी त्यांचा गुन्हा नीट मांडते आहे, म्हणजे माझा लहान दिसेल. दिसतो का लहान? मला नाही दिसत.

कम्प्रेसर नागपूरहून आला. त्या कंपनीचा माल एरवी तेल भरूनच यायचा, भासऱ्यांनाही ते माहीत होतं. पण व्यापाऱ्याचा फोन आला — "वहिनी, या खेपेचा कोरडा आला बरं का. तेल टाकल्याशिवाय बसवू नका." मी म्हटलं, बरं केलं सांगितलं. फोन मीच घेतला होता. हे नांदुऱ्याला लग्नाला गेले होते. म्हणजे ही गोष्ट त्या घडीला खामगावात फक्त मला ठाऊक होती.

खोका फोडला. कम्प्रेसर बाहेर काढला, पुसला. फरशीवर ठेवला, त्यांच्या बाजूला. मग कपाटातून तेलाचा डबा काढला.

लोक म्हणतात ना, घाईत राहून गेलं, गिऱ्हाईक आलं, ध्यान उडालं — मीही स्वतःला हे पुष्कळ वेळा सांगून पाहिलं आहे. त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. दुपार होती, रस्ता सामसूम, पंखा फिरत होता. डबा माझ्या हातात होता. खिडकीतून मला भासऱ्यांची पाठ दिसत होती, बनियनवर काळे डाग पडलेले, आणि ते ट्रकच्या नाकात वाकून गुणगुणत होते. गुणगुणत होते! माझ्या अकलेवर शाबासकी घेऊन माणूस गाणं म्हणतोय, असं माझ्या मनात आलं. अगदी याच शब्दांत आलं.

आणि मी डबा परत कपाटात ठेवला. दार लावलं. लावताना आवाज होऊ दिला नाही.

हेच ते. इतकंच. तोंडातून शब्द न काढता मी त्या माणसाला सांगितलं की तेल भरलेलं आहे.

मला काय व्हायला हवं होतं, तेही सांगते, अर्धवट कशाला ठेवू? तो तिथंच जाम व्हावा. शेडमध्ये, चाचणीच्या वेळी, देवरावजींच्या डोळ्यांदेखत. पट्टा किंचाळावा, धूर निघावा आणि जे माझ्यावर हसले ते उस्तादांवर हसावेत. मग मी म्हणणार होते की अगबाई, डबा ठेवायचा राहिला वाटतं, आणि दुसरा मागवला असता. एवढीच शिक्षा ठरवली होती मी त्यांना. कोणी विचारलं होतं मला शिक्षा ठरवायला?

पण तो जाम झालाच नाही. जुन्या नळ्यांत जुनं तेल थोडंफार राहिलं असावं. भासऱ्यांनी सुरू केला आणि केबिनमध्ये अशी थंडगार हवा आली की देवरावजींनी काचेला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी ते आबांनाच घेऊन आले. काठी टेकत आबा वर चढले, खिडकीशी बसले, डोळे मिटले. म्हणाले, "हे झालं बापा आता काम." भासरे ओशाळून हसले, हात पुसत राहिले.

मी तेव्हा बोलू शकत होते. हे माझं दुसरं पाप, कदाचित पहिल्याहून मोठं. ट्रक दारात उभा होता. चिंधी बांधायची, डबा सरकवायचा, काहीही करता आलं असतं. आबांना पाहून सांगून टाकावं असं वाटलं, नाही असं नाही. पण आता सांगितलं तर डबा काल का नाही ठेवला, हे विचारलं जाणार. आणि मी मनाला समजावलं — चालतोय ना? चालेल. एखाद वेळी चालूनही जातो. गाडी धुरळा उडवत निघून गेली आणि मी गिऱ्हाइकाला फिल्टर दाखवायला लागले.

लग्नाच्या दिवशी चिखली सोडल्यावर तो जाम झाला. नुसता एसी बंद पडला असता तर काचा उघडून गेले असते. पण त्या ट्रकात एकाच पट्ट्यावर कम्प्रेसर आणि इंजिनाला पाणी फिरवणारा पंप, दोन्ही. पट्टा जळून तुटला, पाणी फिरेना, इंजिन तापलं, ट्रक जागीच उभा. मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नवरीला मागच्या जीपमध्ये बसवून पुढे पाठवलं. आबा ट्रक सोडून जायला तयार होईनात. गाडी टाकून मी कधी गेलो नाही म्हणे. रस्त्याकडेच्या कडुलिंबाखाली ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसले. दम लागला, तिथून दवाखाना झाला. वाचले. पण दुसरबीडला अक्षता पडल्या तेव्हा नातीच्या मागे आबा नव्हते. ती पोरगी बोहल्यावर रडत होती, असं देवरावजींनी यांना सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे बोलले, आणि पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत.

कम्प्रेसर मात्र परत आला. यांनी तो शेडमध्ये उघडला. मी काउंटरवर, पाठ खिडकीकडे. मला यांचा आवाज ऐकू आला — "दादा, हा तं कोरडा ठणठणीत आहे. तेलच नाई टाकलं तुमी!"

मग भासऱ्यांनी यांना विचारलं, "खिडकीत डबा होता काय बे?" त्या विचारण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. एखादा आपला चष्मा कुठं ठेवला विचारतो तसं विचारलं त्यांनी.

हे खिडकीशी आले. "काय वो, डबा ठेवला होतास काय तू?"

आता सांगा. इथं तर रीत आड येत नव्हती ना? नवऱ्यानं विचारलं होतं. नवऱ्याशी बोलायला बंदी नाही. आणि मी — मान वर न करता, बिलाच्या बुकात पेन फिरवत — म्हणाले, "हाव. ठेवला होता. तसाच पडून राह्यला, मंग म्याच उचलून ठेवला."

इतकं पटकन निघालं ते तोंडातून. जणू पाठ करून ठेवलं होतं.

पलीकडे भासरे म्हणाले, "मंग माह्याच ध्यानातून गेलं असन."

त्यांनी एकदाही म्हटलं नाही की बाई खोटं बोलते. त्यांच्या डोक्यातच आलं नसणार. आयुष्यभर त्या फरशीवर जे ठेवलं ते खरं होतं, मग जे आठवत नाही ती चूक आपल्याच डोक्याची. बिचाऱ्यांनी हिशोब असा सरळ केला. आणि त्या दिवसापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

ते मी रोज पाहिलं. खिडकीतून दुसरं काय दिसणार? आवळलेला बोल्ट पुन्हा आवळायचे. गाडी दारातून निघाली की हात करून थांबवायचे, बॉनेट उघडून परत पाहायचे. यांना विचारायचे, मी गॅस भरला काय रे? आता भरला न मी? ड्रायव्हर लोक गालात हसू लागले. कोणी म्हणालं, उस्ताद आता थकले. कोणी म्हणालं, वय झालं, विसरभोळे झाले. हे त्यांना अकोल्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, तुमच्या भावाला काही झालेलं नाही, वयाच्या मानानं डोकं चांगलं तल्लख आहे. घरी येऊन भासरे यांना म्हणाले, डॉक्टरले काय समजते, तेल तं मीच विसरलो होतो न.

डॉक्टरवर विश्वास ठेवला नाही त्यांनी. माझ्यावर ठेवला. हे ऐकलं तेव्हा मी आत भाजी चिरत होते, आणि चिरतच राहिले.

मग एका सकाळी मी दुकान उघडलं तर खिडकीच्या फरशीवर त्यांचे बोल्ट आवळायचे पाने होते. सगळे, तेलात पुसून, एका फडक्यावर ओळीनं लावलेले. गॅस मोजायचं मीटर, त्याच्या नळ्या नीट गुंडाळून. सगळं माझ्या बाजूला ठेवलेलं. माझ्या बाजूला ठेवलं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगितलंच आहे.

तेव्हापासून ते शेडमध्ये आले नाहीत. आता शेडमध्ये हे आहेत आणि पगारी मिस्त्री आहेत. आणि कोणता कम्प्रेसर घालायचा ते मी ठरवते. माझा शब्द शेवटचा. लांबून लोक येतात, जुन्या गाड्या घेऊन येतात, विचारतात, बाई तुम्ही सांगाल तो. मी सांगते आणि तो टिकतो. मिस्त्री नवा आला की पहिला धडा हाच देते — डब्यावर जाऊ नका, खिडकीवर जाऊ नका, हातात घेऊन आडवा करा आणि तेल आहे की नाही डोळ्यानं पाहा. बाई किती बारकाईनं शिकवतात, असं म्हणतात ते. मी ऐकून घेते. आवडतंही मला ते. आता आलेच आहे सांगायला तर हेही सांगून टाकते — अजूनही आवडतं.

इथंच थांबले असते. पण गेल्या उन्हाळ्यातलं एक राहिलं आहे.

हे बाहेरगावी होते, लेक तिच्या सासरी. मी स्वयंपाकघरात गहू निवडत बसले होते. दारात खोकला आला. मी पदर घेतला, तोंड भिंतीकडे केलं, ते आत येऊन पाणी घेतील आणि जातील म्हणून. ते आले नाहीत. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहिले, आणि म्हणाले — "बाई."

मला आधी कळलंच नाही की हे मला आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्या माणसानं मला हाक मारलेली नव्हती. वाटलं, कळलं. भासऱ्यांना सगळं कळलं. आणि देवाशप्पथ सांगते, एक क्षण मला बरं वाटलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमच्या मालात खोट नोती. तुमी डबा ठेवला होता, माह्याच ध्यानात राह्यलं नाई. आन त्या सोनाळावाल्यासमोर मी तुमाले बोललो, तेबी चुकलं. कम्प्रेसर तं तुमीच निवडला होता, मी निस्तं माह्यं नाव लावलं. लय दिसापासून सांगाव म्हनलं. मनात ठेवू नका."

केवढं सरळ सांगितलं त्यांनी. जन्माची रीत मोडून, उंबऱ्याशी उभं राहून, जिच्याशी बोलायचं नाही तिच्याशी बोलून. त्यांचं जे होतं ते कबूल केलं, आणि जे माझं होतं तेही स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

मी काय केलं? मी पदर आणखी पुढे ओढला. गहू निवडत राहिले. भासऱ्याशी बोलायचं नसतं ना आमच्यात! त्यांनीही उत्तराची वाट पाहिली नाही, त्यांना ते अपेक्षितच नव्हतं. पुन्हा एकदा खोकले आणि ओसरीवर जाऊन बसले.

मी उठले, चहा ठेवला. उकळला, गाळला, कपात ओतला. आणि भिंतीकडे पाहून म्हटलं, "चहा झाला म्हणा."

आवाज निघाला माझा. स्वच्छ निघाला. त्यापुढे आणखी एक वाक्य म्हणता आलं असतं — "डबा ठेवला नव्हता म्हणा." त्यांच्याकडे पाहायचं नव्हतं, त्यांचं नाव घ्यायचं नव्हतं, रीत मोडायची नव्हती. भिंतीलाच तर सांगायचं होतं. ते ओसरीवरून ऐकत होते.

ते आत आले, उभ्यानं चहा घेतला, कप विसळून ओट्यावर उपडा घातला आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले.